दुसरी वाघूर

वडूजच्या माळावर मेंढरं राखण्यात नाथाजीचा जन्म गेला होता. त्याचा थोरला जोतीराम मात्र मुंबईच्या एका संस्थेत कॉम्प्युटर चालवायला शिकत होता. १९७९च्या उन्हाळ्यात तो सुटीवर आला, तो तोंड पाडूनच.

त्या दिवशी मेंढरांना जंताचं औषध पाजायचं होतं. वाघुरीतलं, म्हणजे जाळीच्या कुंपणातलं, एक मेंढरू धरत नाथाजीने विचारलं, "काय बिघडलंय रं?"

"मशीनकडनं एकच काम पुन्हापुन्हा करून घ्यायचं असलं की लूप लिवत्यात, आबा," जोतीराम म्हणाला. "मी हुकूम लिवला. खणात फाइल हाय तवर एक उचल, तपास, परत खणात ठेव. फायली तीसच व्हत्या. पर मशीन दिसभर थांबलंच न्हाई. साहेब लय बोललं."

नाथाजीने औषध पाजलं आणि मेंढरू शेजारच्या दुसऱ्या वाघुरीत सोडलं. औषध कुणाच्या पोटात गेलंय हे तोंड बघून कळत नाही, म्हणून त्याच्या आज्यापासून या दिवशी दोन वाघुरी लागत. पहिली रिकामी झाली की काम संपलं.

जोतीराम रिकामी होत चाललेली ती पहिली वाघूर बघत राहिला.

नाथाजीने पुढचं मेंढरू धरलं. "मशीन बिचारं सांगितलं तसं राबलं," तो म्हणाला. "तू धनगराचा असून दुसरी वाघूर लावायची इसरलास."