दाजींचा चौथा सूर

अक्काचा फोन आला तेव्हा मी कामासाठी राधानगरीला गेलो होतो, स्टँडवर चहा पीत उभा होतो. "दाजी गेलं रं तुझं," ती म्हणाली. रडत नव्हती. मला काही सुचायच्या आत तिचं पुढचं सुरू झालं, "तू ये. आणि आल्यावर सगळ्यांस्नी सांग, त्या मशीनला कुणी हात लावायचा न्हाय. माझं आज कोण ऐकणार न्हाय." नवरा गेल्याचं सांगताना बाई मशीनचं का बोलते, याचा एसटीत बसून मी विचार करत राहिलो. धक्क्यानं तिचं डोकं ठिकाणावर नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या अक्काच्या घरी पोचलो तर दारात चपलांचा ढीग. सोप्यात दाजींना ठेवलं होतं. बायकांचं रडणं मध्येच थांबलं की आतल्या खोलीतून एक बारीक, खेळण्यातल्यासारखा सूर ऐकू यायचा. पुन्हा पुन्हा तोच. तो सूर मी कितीतरी वेळा ऐकलेला होता, पण त्याची भीती वाटली ती त्या दिवशीच. याला आता दीडएक महिना होत आला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचे नमुने तपासण्यात त्यांचा जन्म गेला. तरुणपणी मात्र गाण्याचं भारी वेड. स्वतः गात नसत, पण गवयांच्या मागं तंबोरा धरून बसण्यात त्यांना धन्यता वाटायची. त्याच दिवसांत आखातातून परतलेल्या एका मित्राकडून त्यांनी एक घरगुती कॉम्प्युटर घेतला. नुसता जाडजूड कीबोर्ड, त्यातच सगळं. पडदा म्हणून टीव्ही जोडायचा आणि लिहिलेलं जपून ठेवायचं ते गाण्याच्या कॅसेटवर. त्याचं करायचं काय हे कोल्हापुरात कुणालाच ठाऊक नव्हतं, दाजींना तर नव्हतंच. मग तो जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला आणि दाजी कारखान्यात जात राहिले. म्हातारपणी लोक देवदेव करतात, आमचे दाजी रिटायर झाल्यावर शिडी लावून माळ्यावर चढले.

सुरुवात मी डोळ्यांनी बघितली आहे. घरातल्या नव्या टीव्हीला ती जुनी वायर काही केल्या बसेना. शेवटी शेजाऱ्यांनी भंगारात काढलेला डबा टीव्ही आम्ही दोघांनी उचलून आणला. त्या मशीनला सा म्हणून समजत नाही. सा हवा तर त्याचा आकडा द्यायचा, तो कसा उठायचा, किती टिकायचा, कसा विरायचा, सगळं आकड्यांत. दाजी शेजारच्या भजनी मंडळाची पेटी मागून आणत, एक पट्टी दाबत, कान टवकारत, आकडा बदलत, पुन्हा पट्टी दाबत. पहिल्या दिवशी दुपारभर खपून त्यातून जो आवाज निघाला तो थेट बेडकाचा होता. अक्का स्वयंपाकघरातून ओरडली, "बास करा की, पाऊस यील आता!" दाजींवर काही परिणाम नाही. परदेशातली पोरं असल्या जुन्या मशीनवर गाणी करतात, त्यांचे व्हिडिओ बघून ते शिकत गेले. मशीनमधली नुसती खरखर घेतली आणि ती तोडून तोडून त्यांनी हलगी वाजवली. खरी हलगी! त्या दिवशी मात्र अक्का लाटणं हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

त्या मशीनला एका वेळी तीनच आवाज काढता येतात. त्याहून जास्त हवे असतील तर एकाच आवाजाला दोन-तीन सुरांवर इतक्या झपाट्यानं नाचवायचं की कान फसतो आणि ते एकत्र वाजल्यासारखे वाटतात. दाजींना ही युक्ती कळली आणि ते पार बदलले. मला समोर बसवून म्हणाले, "तंबोऱ्यात गंधाराची तार असती काय? नसती. तरी ऐकू येतो का न्हाय? मग हितं बी यील की!" तीन आवाज असे जुळवायचे की कुठंही न लिहिलेला चौथा ऐकणाऱ्याच्या कानात आपोआप उभा राहील, एवढाच त्यांना ध्यास. रोज विचारायचे, "आला?" मी म्हणायचो, "तिघंच हायत, दाजी." अक्काला विचारलं तर म्हणायची, "मला कुकरची शिट्टी तेवढी ऐकू येती." मग एका सकाळी मी पेपर वाचत बसलो होतो, आत मशीन चालू होतं, आणि तिन्हींच्या वर, लांबून कुणी हाक मारावी तसा एक संथ सूर... माझ्या हातातला पेपर तसाच राहिला. दाजी माझ्याकडे बघत होते. या खेपेला त्यांनी काही विचारलं नाही, फक्त हसले.

ते काम पूर्ण झालं आणि नेमका कॅसेट रेकॉर्डरचा पट्टा सैल पडला. लिहिलेलं सगळं मशीनच्या डोक्यात, कॅसेटवर काहीच नाही. लाईट गेली की सगळं पुसलं जाणार. म्हणून दाजींनी मशीनला इन्व्हर्टर जोडला आणि पट्टा मिळेपर्यंत ते तसंच वाजत ठेवलं. त्याच्यासमोर खुर्चीत बसल्या बसल्या, जेवणानंतरच्या डुलकीत ते गेले.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी चंदगडहून आलेल्या दाजींच्या आत्तीनं त्या खोलीत, टेबलाखाली, दिवा लावला. शेजारी ताटात पीठ पसरून वर टोपली झाकली. गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते सकाळी पिठावर उमटतं, अशी आपल्याकडची समजूत. मशीन चालूच होतं. सकाळी टोपली उचलली तर पिठावर बारीक, एकसारख्या लाटा उठलेल्या. ना पाऊल, ना पंजा. आत्ती गंभीरपणे म्हणाली, "पाण्यात गेलाय पोरगा." मला हसू आलं आणि रागही. मी अक्काला बाजूला घेऊन समजावलं की जुन्या टीव्हीचा खर्जातला आवाज टेबलातून जमिनीत उतरतो, त्यानं पीठ थरथरलं, संपला विषय. अक्कानं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "आवाज पार बंद केलता मी. दार लावताना. लोकं काय म्हणतील म्हणून." रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला असेल, असं काहीतरी पुटपुटलो. तसा तो गेलाही असेल.

तेव्हापासून अक्कानं अंथरूण त्या खोलीत हलवलं. भाची मीनल आईला पुण्याला न्यायला दोनदा आली आणि रिकाम्या हातानं परत गेली. अक्का खोली सोडायला तयार नाही. "मला आता ऐकू येतो चौथा," ती मला म्हणाली. "त्यो म्हंजी त्येच हायत." लक्ष्मीपुरीत हिंडून मी रेकॉर्डरचा पट्टा मिळवला, बसवलाही, पण कॅसेटवर उतरवायचं तर आधी सूर थांबवावा लागतो, आणि थांबवू द्यायला ती तयार नव्हती. जेवणं कमी झाली होती, डोळे खोल गेले होते. बहीण माझ्यासमोर वाळत चालली होती आणि मी एक बटण दाबायला घाबरत होतो.

मग गल्लीत निरोप आला की दुरुस्तीसाठी उद्या दिवसभर लाईट नाही. इन्व्हर्टर तेवढा टिकणार नव्हता. अक्का म्हणाली, "आपोआप बंद पडलं तर त्ये पुन्हा गेल्यासारखं हुईल. तूच थांबीव. आपल्या हातानं." मी थांबवलं. खोली अशी एकदम मोठी झाल्यासारखी वाटली... कॅसेट फिरली, सगळं उतरलं, मशीन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सांगितल्यापेक्षा लवकर, दुपारीच लाईट आली तसं कॅसेटवरचं सगळं परत मशीनमध्ये घेतलं. सूर सुरू झाला. अगदी तोच, एकही चूक नाही. हलगी तीच, खर्ज तोच. आम्ही दोघं कान देऊन बसलो. अक्का म्हणाली, "तीनच हायत रं." मलाही तीनच ऐकू येत होते. इतके दिवस तापलेलं मशीन थंड झालंय, म्हणून सूर केसभर इकडंतिकडं होत असतील, असं मी म्हणालो. तापू दिलं. ऊन उतरेपर्यंत वाट बघितली. तीनच. मग अक्का उठली, पदरानं टेबल पुसलं, आणि स्वतःच मशीन बंद केलं. "आता गेलं तुझं दाजी," ती म्हणाली. "मीनलला फोन लाव. येतो म्हणून सांग." तेव्हा कुठं ती रडली, आणि मला सुटल्यासारखं झालं.

ती चहा टाकायला आत गेली. मी वायरी गुंडाळत बसलो. आत भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला. बघतो तर अक्का दारात उभी, हातात गाळणी तशीच.

"काय म्हणत हुतास?"

"कुठं काय? दाजींचंच गुणगुणत असंन."

"तिन्हींतलं न्हाय ते," ती म्हणाली.

मी मनातल्या मनात ते पुन्हा म्हणून बघितलं. खरंच नव्हतं. कॅसेटवर नव्हतं, मशीनमध्ये नव्हतं. ते माझ्यात कधी येऊन बसलं, मला पत्ता नव्हता. हातातली वायर मी खाली ठेवली. अक्का उंबऱ्यावरच बसली, दारच्या चौकटीला डोकं टेकलं, डोळे मिटले.

"थांबू नगंस," ती म्हणाली.

मी पुन्हा सुरू केलं. आत चहा उतू गेल्याचा वास यायला लागला, पण आमच्यापैकी कुणीच उठलं नाही.