शिक्का वाळेपर्यंत

दादासाहेब कागदावर शिक्का मारायचे आणि मग त्यावर फुंकर घालायचे. साधीसुधी नव्हे, गाल फुगवून, डोळे मिटून, गरम दुधावर घालतात तशी. फुंकर चालू असताना खोलीत कुणी बोलायचं नाही. टेलिफोन वाजला तर वाजू द्यायचा. "शिक्का ओला असताना बोललं की शब्द त्याला चिकटतात," असं ते म्हणत आणि म्हणताना अजिबात हसत नसत.

देवासच्या सोयाबीनच्या कारखान्यात परदेशी जाणाऱ्या मालाच्या कागदपत्रांचं खातं त्यांच्याकडे होतं. त्यांचे आजोबा देवास संस्थानात, थोरल्या पातीच्या म्हणजे थोरल्या राजघराण्याच्या दरबारात, खलित्यांवर मोहोर उठवायची मोर्तबाची लाख सांभाळायचे. ही गोष्ट ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत, आणि जुन्या माणसाला दर महिन्याला.

मी धारची. लग्न होऊन देवासला आले आणि त्यांच्या हाताखाली टायपिस्ट म्हणून लागले. तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होते. कारखान्याच्या बसमध्ये गॉगल लावून बसायची. ऊन समोरच्या बाजूला असायचं, पण गॉगल माझ्या बाजूला. मी टाइप केल्याशिवाय मुंबईचं जहाज नांगर उचलत नाही अशी माझी पक्की समजूत होती. समुद्र तोवर फक्त कॅलेंडरवर पाहिला होता.

एकदा परदेशातल्या व्यापाऱ्याचं नाव मला फार गोड वाटलं. मी त्याच्याभोवती फुल्याफुल्यांची महिरप टाइप केली. दादासाहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"कुसुमबाई, मुलाकडचे कोण? आणि मुहूर्त कधीचा?"

"शोभेसाठी केलंय, दादासाहेब."

"फॉर्मच्या या खान्यात नाव विचारलंय, नाव लिहा. खान्याला जेवढी भूक, तेवढंच वाढायचं. तिकडचा कारकून कोणती भाषा बोलतो, देव जाणे. पण त्याच्या कागदावरही हा खाना इथेच आहे. त्याला तुमची महिरप वाचता येणार नाही."

मी तोंड फुगवून सगळे कागद पुन्हा टाइप केले. त्या काळी मला वाटलं, या माणसाला सौंदर्यदृष्टी नाही. ती खरंच नव्हती, पण तो मुद्दा नव्हता.

वर्षं गेली. मी निवृत्त झाले, आजी झाले. दादासाहेब निवृत्त झालेच नाहीत; कारखान्याने त्यांना सहीचा अधिकार देऊन ठेवून घेतलं. खातं मात्र माझ्या सुनेकडे, मृणालकडे आलं. मृणाल हिंदी शाळेतली. मराठी बोलते फर्राटेदार, वाचताना मात्र जोडाक्षर आलं की स्पीडब्रेकर आल्यासारखी थांबते. दादासाहेब आमच्याच शेजारी राहायचे, त्यामुळे हे दोघे ऑफिसात भांडत आणि उरलेलं भांडण कुंपणावरून पुरं करत.

मग तो करोना आला. इंदूरच्या बस बंद, टेकडीवर देवीचं दर्शन बंद, कुरिअर बंद. आणि नेमकं तेव्हाच मृणालने एकटीने पाठवलेल्या पहिल्या मालाचं, सोयापेंडीचं, जहाज समुद्रात होतं. जहाज निघालं, पण त्याची पावती निघाली नाही. ही पावती म्हणजे मालाची मालकी. ती ज्याच्या हातात, माल त्याचा. ती दाखवल्याशिवाय पलीकडच्या बंदरावर कुणी मालाचा डबा, म्हणजे कंटेनर, उघडू देत नाही. जहाजकंपनीचं मुंबईचं ऑफिस बंद, पावती छापायलाच माणूस नाही. ते म्हणाले, इलेक्ट्रॉनिक घ्या.

कारखान्याच्या मालकांनी मृणालला फोनवर सांगितलं की हा माल अडकून परत आला, तर देवासचं खातं बंद करून सगळं काम इंदूरच्या एजंटाला देऊ. मृणालने फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता कुकर लावायला गेली. तांदूळ न घालताच लावला.

आमच्या ओसरीवर ऑफिस थाटलं. एका टोकाला लॅपटॉप आणि मृणाल, दुसऱ्या टोकाला मास्क लावलेले दादासाहेब, मधे मी, वाहतूक पोलिसासारखी. संगणकावर सही करायला त्यांना पेनड्राइव्हसारखी एक काडी मिळाली होती. ती त्यांनी आदराने शिक्क्याच्या पॅडच्या डबीत ठेवली. काडी जांभळी झाली.

मृणालने मालाची माहिती भरायला एक तक्ता त्यांच्याकडे पाठवला. तासाभराने जहाजकंपनीकडून उत्तर आलं, नामंजूर. काय पाठवलं गेलं ते मृणालने उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. दादासाहेबांनी घरी जाऊन तक्ता छापला होता, त्यावर निळ्या शाईने सही केली होती, शिक्का मारला होता, फुंकर घातली होती, आणि मग नातवाकडून त्याचा फोटो काढून घेऊन तो पाठवला होता.

"दादासाहेब, फोटो नाही पाहिजे ना! उधर मशीन वाचून राहिली, माणूस नाही!"

"अग, पण शिक्का स्पष्ट दिसतोय की."

"तोच दिसून राहिला फक्त! वजन त्याच्या खाली दबलंय!"

त्यांनी विचार केला. दुसऱ्यांदा शिक्का जरा बाजूला मारून पाठवला. पुन्हा नामंजूर. जहाज एव्हाना पलीकडच्या बंदरावर लागलं होतं. तिकडे पाऊस होता, आणि पेंडीला ओल लागली की तिचं खत होतं.

आणि मी? मी म्हणाले, शिक्का लाल शाईने मारून बघा. बसमधला तो गॉगल अजून पुरता उतरलेला नव्हता.

मृणाल रडायच्या बेतात होती. ती म्हणाली, "आई, यांना कसं समजावू? कागज पाठवायचाच नाही. नुसते खाने पाठवायचे. साऱ्या दुनियेत तेच खाने, त्याच नावाचे. बंदरवाले, बँक, जहाजवाले, सगळे तेच वाचणार."

दादासाहेबांची मान वर झाली. "सगळीकडे तोच खाना?"

"हो ना."

"आणि खान्यात विचारलंय तेवढंच?"

"एक अक्षर जास्त टाकलं तर मशीन परत करते."

ते माझ्याकडे वळले. मास्कमुळे हसू दिसलं नाही, पण भुवया दिसल्या. "कुसुमबाई, तुमची महिरप या मशीनलाही चालत नाही बरं का." मग पुन्हा मृणालकडे वळून, हळू आवाजात, "पण पोरी, शिक्का नाही तर हे खरं कशावरून? वाटेत कुणी हात घातला तर?"

"ती काडी आहे ना. तिने सही केली आणि नंतर कुणी एक आकडा जरी बदलला, तर सही तुटते. सबको दिसतं, की तुटली."

त्यांनी डबी उघडली आणि काडी उजेडात धरली. "म्हणजे लाख," ते म्हणाले. "आजोबा सांगायचे, लाख कुलूप नव्हे, कुणीही फोडू शकतो. पण फोडलेली लपवता येत नाही. हे आधी नाही का सांगायचं? फोटो फोटो करत बसलीस."

"मी करत बसले?" मृणाल म्हणाली.

त्यांनी एकेक खाना स्वतः वाचून घेतला. मृणालने भरला, त्यांनी मान हलवली. जांभळी काडी लॅपटॉपला लागली. पावती तयार होऊन आली. आता ती खरेदीदाराच्या नावे करायची होती. मृणालने बटण दाबलं आणि काही बोलणार, तोच दादासाहेबांनी हात वर केला. मास्क खाली केला. ओसरीच्या त्या टोकावरून, हवेतच, त्यांनी एक लांब फुंकर घातली. आम्ही दोघी गप्प. माझा फोन वाजत होता, वाजू दिला.

पडद्यावर हिरवी खूण आली. संध्याकाळी तिकडच्या बंदरावर डबे उघडले. पेंड कोरडी होती. खातं देवासलाच राहिलं. मृणालने त्या दिवशी कुकरमध्ये तांदूळ घातले.

त्यानंतर दादासाहेब सगळ्यांना सांगत फिरले की हा इलेक्ट्रॉनिक प्रकार मुळात थोरल्या पातीचा. मृणालने कधी खोडून काढलं नाही. ते गेले गेल्या थंडीत, झोपेतच, कुणाला त्रास न देता. हा त्यांच्या स्वभावातला एकमेव अपवाद.

मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज मृणालनेच भरला होता, त्यामुळे तो तिच्याच फोनवर आला. त्यांचा मुलगा म्हणाला, "यावर शिक्का कुठाय?" मृणालने कोपऱ्यातला तो काळ्या ठिपक्यांचा चौकोन दाखवला. नाव, तारीख, गाव. विचारलं होतं तेवढंच, एक फुली जास्त नाही.

मी फोन हातात घेतला आणि फुंकर घातली. काच धुरकटली आणि हळूहळू स्वच्छ झाली. तोवर कुणीच बोललं नाही.