पिंजाऱ्याची वावडी

ती घटना मी अजून विसरलेले नाही. १९४८ चा ऑगस्ट, नागपंचमीच्या आधीचा आठवडा. नगरच्या पोलीस ठाण्यात हजेरी आटोपून मी मुद्देमालाच्या खोलीतली उंदरांनी कुरतडलेली पोती बदलत होते. तेवढ्यात हुकूम आला, जामखेडकडे निघा, एका बाईचा जबाब घ्यायचा आहे.

निजामाची हद्द तिथून जवळ, आणि दिवस वाईट होते. हद्दीलगतच्या एका गावाला रोज दिवेलागणीला आकाशात उजेड दिसत होता. तो जागचा फारसा हलत नसे आणि घरघर ऐकू येई. लोकांनी ते विमान, त्यांच्या बोलीत ‘इमान’, म्हणून सांगितले. लष्कराचे एक कॅप्टन चौकशीला आले. चावडीत नकाशा पसरून ते प्रत्येकाला दिशा आणि उंची विचारत. मग वाण्याने खबर दिली की उजेड दिसतो तेव्हा पिंजारी माळावर असतो. पिंजारी मुसलमान, त्यामुळे त्याला निजामाचा हेर ठरवायला गावाला एवढे पुरले. पकडल्यावर तो आधी म्हणाला, मी माळावर गेलोच नाही. तिथेच फसला. मी पोचले त्याच संध्याकाळी लष्कराचा ट्रक त्याला नेणार होता.

त्याची बायको घरातून हलायला तयार नव्हती, म्हणून कॅप्टन आणि त्यांचा दुभाषा माझ्याबरोबर तिच्या घरी आले. समोरच्या पारावर दहा-बारा माणसे बसली होती. सगळ्यांचे डोळे पिंजाऱ्याच्या दारावर होते. ते मला आवडले नाही.

“आकाशात काय होतं?” मी विचारले.

“वावडी हुती, बाई. दुसरं काय न्हाई.”

दुभाषा मुंबईचा. त्याने कॅप्टनना इंग्रजीत सांगितले, ही म्हणते ती अफवा होती. मग मला म्हणाला, “नवराही शेवटी हेच म्हणाला. दोघांचं ठरलंय.”

कॅप्टन उठले. बाई मात्र बोलताना वर पोटमाळ्याकडे पाहत होती.

“केवढी होती?” मी विचारले.

दुभाषा हसला. “अफवेचं माप घेता काय, बाई?”

ती म्हणाली, “माज्यापरीस उंच. पंचमीला इकायला केल्ती.”

शहरात वावड्या उठतात. इथे त्या उडत होत्या. माळ्यावर कापसामागून तिने कागदाचा भलामोठा पतंग ओढून काढला. वरच्या कामटीला कापूस पिंजायच्या धनुकलीची तात ताणून बांधलेली होती. वाऱ्यावर तीच घरघरत होती. खाली कंदिलाचा आकडा होता.

“आसपासच्या गावांना दिसावी, गिऱ्हाईक यावं, म्हनून कंदील.”

“मग नवरा आधी खोटं का बोलला?”

“इमानाची दोरी हातात हाय म्हनून गोळी घातली असती, बाई.”

कॅप्टननी ट्रक थांबवला. दिवेलागणीला पिंजाऱ्याकडून माळावर वावडी उडवून घेतली आणि मान वर करून बराच वेळ उभे राहिले. “हे वरिष्ठांना कसं लिहू?” एवढेच म्हणाले. पंचनामा झाला, पिंजारी सुटला.

पुढे सगळ्या नोकरीत मी हे पाळले. अनोळखी शब्दाचा अर्थ कोणीही विचारतो. ओळखीचा शब्द आला की मी पुन्हा विचारते.

पण पारावरची माणसे उठली नव्हती. त्यांच्या लेखी तो अजून निजामाचाच होता. दुसऱ्या दिवशी गावचा बाजार होता. सकाळी मी गणवेश घालून पिंजाऱ्याच्या दारी गेले, वावडी त्याच्या खांद्यावर दिली आणि त्याला घेऊन भर बाजारातून निघाले. तो पुढे असता तर लोकांना आरोपी वाटला असता. म्हणून पुढे मी चालले.