आबांची घरपट्टी कोण भरतं?

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्याला टाकेही पडले. तरी कोणी 'एखादी केस सांगा' म्हटलं, की मला पहिल्यांदा आठवते ती देवपूरची, जिच्यात गुन्हाच नव्हता.

तेव्हा मी धुळ्यात देवपूर ठाण्याचा प्रभारी होतो. मार्च संपत आला होता. सकाळची हजेरी घेऊन खुर्चीत बसतो न बसतो तोच एसटीतून निवृत्त झालेले एक चालक आत आले. गल्लीत सगळे त्यांना आबा म्हणत. हातात अर्ज, चेहरा सुकलेला.

"साहेब, माझं घर चाललं."

"कुठे चाललं?"

"कोणीतरी माझी घरपट्टी भरतंय. गेल्या वर्षी भरायला गेलो, खिडकीवरचा म्हणाला, भरलेली आहे. औंदाही तेच."

आमचे ठाणे अंमलदार लिहिता लिहिता थांबले. "आबा, त्या माणसाला माझा पत्ता द्या हो!"

ठाण्यात हशा पिकला. आबा मात्र हसले नाहीत. बाकावर बसले आणि म्हणाले, "हसा. ज्याची पावती त्याचं घर. उद्या तो माणूस कोर्टात पावत्या दाखवेल, मी काय दाखवू?"

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बाप मजुरी करायचा. सरकारी कागद घरात आला की आमची आई तो देवाजवळ ठेवायची, कारण वाचणारं कोणी नव्हतं. त्यामुळे अशा माणसाला मी कधी हाकलून दिलं नाही. बिल मागवून घेतलं आणि समजावलं. हा सामान्य कर, हा शिक्षण कर, हा वृक्ष कर, मागची थकबाकी असली तर ती इथे आणि तिच्यावरची शास्ती, म्हणजे उशिराचा दंड, इथे. घरपट्टी कोणीही भरू शकतो. भरल्यानं मालकी बदलत नाही. मालकी पाहायची तर सिटी सर्व्हेचा उतारा आणि खरेदीखत पाहायचं.

"बिलावर नाव कोणाचं आहे?" मी विचारलं.

"वडिलांचं. ते जाऊन बरीच वर्षं झाली. नाव बदलायचं राहून गेलं."

"मध्ये कधी बिल थकलं होतं?"

आबा जरा घुटमळले. "एक वर्ष आकडा फार आला. मला तो चुकीचा वाटला. भरला तर आपणच चूक कबूल केल्यासारखं होईल, म्हणून भरलाच नाही. मग पालिकेच्या माणसानं दाराला जप्तीची नोटीस डकवली. तेव्हापासूनच हा प्रकार."

आबांचा संशय शेजारच्या प्लॉटच्या दलालावर होता. त्याला बोलावून घेतलं. चौकशीत माणूस घाबरला की आधी पाणी मागतो. यानं चहा मागितला.

"साहेब, मी माझीच घरपट्टी भरत नाही. यांची कशाला भरू?"

खात्री केली. खरंच बाकी होती.

दखलपात्र गुन्हा नाही, असा शेरा मारून अर्ज निकाली काढता आला असता. पण आबांची झोप उडाली होती. दिवसाही दाराला आतून कुलूप. आणि वकिलाकडे खेटे सुरू झाले होते. म्हणून पालिकेच्या वसुली विभागातल्या कारकुनाला सांगून ठेवलं, की या मालमत्ता क्रमांकावर कोणी पैसे भरायला आलं, तर बोलण्यात गुंतवा आणि मला फोन करा.

एप्रिल लागला. नवी बिलं निघाली, लवकर भरणाऱ्याला सूट सुरू झाली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली असताना कारकुनाचा फोन आला. "साहेब, तुमचा आरोपी आलाय. पण बाई आहे."

साध्या कपड्यांत गेलो. खिडकीजवळच्या बाकावर सत्तरीच्या एक अक्का बसल्या होत्या. नऊवारी, मांडीवर पिशवी, हातात नुकतीच मिळालेली पावती. ओळख सांगितली तरी डगमगल्या नाहीत.

"मी काय चोरी करस का? पैसाच भरस ना!"

"अक्का, घर तुमचं आहे का?"

"नही. भाऊनं शे."

आबांची थोरली बहीण! भुसावळला दिलेली. वडील गेल्यावर तिनं हक्कसोडपत्रावर सही केली होती, एक पैसा न घेता. मी विचारलं, मग घरपट्टी का भरता?

अक्कांनी पावतीवरच्या नावावर बोट ठेवलं. "दारवर नोटीस दखी. मन्हा बापनं नाव, आनी खाले जप्ती. घर बठ्ठं भाऊले दिधं, साहेब. बाप नही दिधा."

तपासात मी कितीतरी कबुलीजबाब घेतले. हा एकच मी लिहून घेतला नाही.

"मग भावाकडे जाऊन सरळ सांगायचं ना."

अक्का फणकारल्या. सही केली त्या वर्षापासून आखाजीला भाऊ न्यायला आलाच नाही. न्यायला मुराळी आल्याशिवाय लेक माहेरी जाते का? त्या धुळ्याला यायच्या, पैसे भरायच्या, रिक्षातून घरावरून एक चक्कर मारायच्या आणि पुन्हा भुसावळ. दारावरची नोटीसही अशाच एका चकरेत दिसली होती.

आबांना बोलावून घेतलं. बहिणीला पाहून ते दारातच थबकले. मी सगळं सांगितलं तेव्हा तिच्याकडे न बघता मलाच म्हणाले,

"तिची सही घेतली साहेब, आणि मग कोणत्या तोंडानं न्यायला जाऊ? म्हटलं, ती मनातून रागावली असेल."

"रागावलीच शे!" अक्का कडाडल्या. "सहीवर नही. तू उना नही त्यावर!"

आबांनी डोळे पुसले, पुढे झाले आणि तिची पिशवी उचलली. "चल अक्का, घर इथं जवळच आहे."

अक्कांनी पिशवी ओढून घेतली. "इठून? हापिसातून? तशी नही येवाव मी. मुराळी भुसावळले येस. मन्हा दारवर."

मी समजावलं, कारकुनानं समजावलं. अक्का हलल्या नाहीत. शेवटी आबा त्यांच्याबरोबरच भुसावळच्या गाडीत बसले. रात्री तिच्या घरी पाहुणे म्हणून जेवले आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन त्याच रस्त्यानं धुळ्याला परत आले.

अर्जावर मी लिहिलं, 'गुन्हा निष्पन्न होत नाही. अर्जदाराची तक्रार राहिलेली नाही.' खाकीत राहून माणूस संशय घ्यायला शिकतो, ते कामच आहे. पण लपून काही करणारा प्रत्येक जण काही न्यायलाच आलेला असतो असं नाही, हे मला या बाईनं शिकवलं. त्यानंतर कोणत्याही घरगुती अर्जात मी आधी विचारायचो, 'शेवटचं जेवायला कधी बोलावलं होतं?' निम्मे अर्ज तिथंच मिटायचे.

आखाजीला मला आमंत्रण होतं. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. पहिला घास घेतो तोच आबा म्हणाले, पुढच्या वर्षीची घरपट्टी मी भरणार. अक्का म्हणाल्या, भरूनच दाखव. दोघांचे आवाज गल्लीभर जाऊ लागले आणि शेवटी दोघंही माझ्याकडे वळले, "साहेब, तुम्हीच सांगा."

मी पुरणपोळीवर आणखी रस घेतला. दिवाणी वादात पोलिसांनी पडू नये.