ड्रायव्हिंगवाल्या मावशींनी पेन्शन घेतली

मावशींच्या गाडीत दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक मावशींच्या. वीसेक वर्षं तो दुसरा ब्रेक दाबून दाबून त्यांचा गुडघा कामातून गेला होता. स्टिअरिंग हातात आलं की पिकल्या केसांची माणसंही लहान मुलासारखी घाबरायची, म्हणून असेल कदाचित, पण सगळेच त्यांना मावशी म्हणायचे. मावशी कधी कुणावर ओरडल्या नाहीत. समोरून ट्रक आला तरी, "जरा बाजूला घ्या, म्हणजे घरी जेवायला जाता येईल," एवढंच म्हणत.

नवरा गेल्यापासून त्या आणि त्यांची थोरली नणंद एकाच घरात राहत होत्या. नणंद शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. महिना सुरू झाला की तिची पेन्शन न चुकता खात्यात यायची. एकदा मावशींचा गुडघा असा धरला की दारात गाडी लावून त्यांना उतरताच येईना. शेवटी त्यांनी हॉर्न वाजवला. नणंद खाली आली, त्यांना आधार देत जिन्याने वर घेऊन गेली आणि पायावर गरम पिशवी ठेवत म्हणाली, "हा पाय अजून किती वर्षं चालणार गं?"

"गाडी चालेल तोवर."

"आणि त्यानंतर?"

मावशींचं काम स्वतःचं. ना साहेब, ना ऑफिस. आपल्यासाठी कुणी काही बाजूला काढून ठेवणार नव्हतं.

त्या सुमारास त्यांच्याकडे एक पेन्शन एजंट गाडी शिकत होता. चाळिशीचा, अंगाने भरलेला, बोलायला गोड. फक्त गाडी मागे घ्यायची म्हटलं की घामाघूम व्हायचा. मावशींचा त्याच्यावर जीव होता. त्याने योजनेचे कागद दिले तेव्हा मावशींनी मनात ठरवूनच टाकलं, घ्यायची तर याच्याकडूनच.

नणंदेने मात्र आणखी दोन कंपन्यांचे कागद मिळवले आणि जेवणाच्या टेबलावर पसरले.

"हा तुझा एजंट दोन टक्के घेतोय."

"घेऊ दे की, ताई. शंभरातले दोन. एवढ्याने कुणी भिकेला लागत नाही."

"त्या वर्षी भरलेल्यातले नाहीत गं. आजवर जमलेल्या सगळ्या रकमेतले, आणि तेही दरवर्षी. दहा लाख जमले असतील तर त्या एका वर्षाचे वीस हजार गेले. ही दुसरी कंपनी बघ, अर्धा टक्का. पाच हजारांत काम भागतं. हीच घे."

मावशींनी कागद गोळा केले. हिशेब पटला होता, पण त्या एजंटला कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं, हे त्यांना कळेना. दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा दिसल्यावर त्यांनी सगळं त्यालाच सांगून टाकलं. त्याने गाडी कडेला घेतली आणि कुणी न सांगता हँडब्रेकही ओढला.

"मावशी, तुमची कमाई दर महिन्याला सारखी असते का?"

"कसली सारखी? परीक्षा आल्या की निम्मी पोरं गायब. मागे पाय दुखला तेव्हा दोन महिने घरीच होते."

"मग अर्ध्या टक्क्याची योजना तुमच्या कामाची नाही. तिच्यात हप्ता चुकला की दंड पडतो. शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात आहे बघा."

"आणि तुमच्यात?"

"दंड नाही," तो काचेकडे बघत म्हणाला. "पण दोन टक्के जास्तच आहेत. त्यातला काही भाग माझ्या खिशात येतो."

"तुमच्या आईंनी घेतली असेल ना तुमच्याकडून?"

"आई? ती माझ्याकडून भाजीसुद्धा आणवत नाही."

मावशी इतक्या हसल्या की त्यांचा पाय ब्रेकवरून सुटला. मग त्यानेच सांगितलं, तिसरी कंपनी पाऊण टक्का घेते, आणि हातात पैसे नसतील तेव्हा भरणं थांबवलं तरी काही कापत नाही. "मी तुमच्या जागी असतो तर ती घेतली असती. आमच्या साहेबांना सांगू नका म्हणजे झालं."

घरी आल्यावर नणंदेने भिंग लावून ते बारीक अक्षर वाचलं. "माझ्या नजरेतून सुटलंच कसं हे," असं म्हणत ती रात्रीच्या जेवणाला घुश्श्यातच बसली. मावशींनी तिला दोनदा जास्तीचं वाढलं. त्याच आठवड्यात मावशींनी तिसऱ्या कंपनीच्या कागदांवर सही केली. एजंटचं नुकसान झालं याची रुखरुख त्यांना लागून राहिली. गाडी मागे घेणं त्याला जमेपर्यंत त्यांनी त्याच्याकडून एका पैचीही फी घेतली नाही, आणि ते जमायला त्याला बराच वेळ लागला.

पुढे कधी मावशींनी भरपूर भरलं, कधी नुसतं नावापुरतं, तर एका वर्षी काहीच नाही. साठी उलटल्यावर पेन्शन सुरू झाली. रक्कम नणंदेच्या पेन्शनच्या निम्मीही नव्हती, पण हक्काची होती. पहिल्या महिन्याला नणंदेने बँकेचा मेसेज मोठ्याने वाचून दाखवला आणि विचारलं, "आता तरी घरी बसशील ना?"

"बसेन की," मावशी म्हणाल्या, "सकाळी."

त्यांनी फक्त पहाटेची शिकवणी बंद केली. आता सकाळी दोघी गॅलरीत खुर्च्या टाकून सावकाश चहा पितात, आणि खालून कुणी वेडीवाकडी गाडी नेली की मावशींचा पाय जमिनीवर आपोआप दाबला जातो.