हेल्मेट नसलेला माणूस

शुक्रवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी व्हर्ना लिंडक्विस्टने टाइपरायटरमध्ये पुन्हा कोरा कागद चढवला. समोरच्या भिंतीवर पुढच्या अंकाचं मुखपृष्ठ टाचलेलं होतं. चंद्रावर एक बाई, डोक्यावर काचेचं हेल्मेट. तिला धरून उभा असलेला पुरुष मात्र उघड्या डोक्याचा, आणि वर हसरा. खाली कथेचं नाव: 'चंद्रावरचा अखेरचा श्वास'. फक्त कथा नव्हती.

१९३७ सालच्या न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथांच्या स्वस्त मासिकांच्या धंद्याची रीतच उलटी होती. रंगीत मुखपृष्ठ आधी छापून ठेवायचं, मग ते लेखकाला दाखवून त्यावर कथा बेतून घ्यायची. टीग नावाच्या लेखकाने ती लिहिली, आणि हातोहात पैसे देणाऱ्या दुसऱ्या मासिकाला विकून टाकली. सकाळी फोनवर हे सांगताना त्याने सगळ्यांची विचारपूसही केली.

मालक पॉमरँट्झ यांनी आवाज चढवला नाही. मागच्या अंकाचे गठ्ठे दुकानांतून परत आले होते. हाही रखडला तर मासिक बंद, एवढंच ते म्हणाले. त्यांची काउबॉयची मासिकं चांगली चालत होती. संपादक नोकरी सोडून गेल्यापासून सगळं एकटी व्हर्नाच बघत होती. मासिक गेलं की तीही गेली.

अडचण उघड्या डोक्याची होती. चित्रकाराचं म्हणणं, चेहरा झाकला तर अंक कोण घेईल? पण भरड, पिवळट कागदावरचं हे मासिक वाचणारी मंडळी वेगळी होती. शाळकरी पोरं, रेडिओ दुरुस्त करणारे, कारखान्यातले कारागीर. भाषा ओबडधोबड असली तरी त्यांची हरकत नसे. विज्ञान चुकलं की ते लेखकाला फाडून खात. ती पत्रं पत्त्यासकट छापली जात, मग वाचक एकमेकांशी भांडत, भेटत, मंडळं काढत. अंक विकत घ्यायचा तो निम्मा यासाठीच.

तीनच्या सुमाराला छापखान्याचा मुकादम रुफोलो दारात येऊन उभा राहिला.

"पोरी, खिळे जुळवणारे पाचला घरी जातात. काहीही लिही. तो हवापालटाला आलाय म्हण."

"काका, पत्रांचा पाऊस पडेल."

"पडू दे. पत्रं आली म्हणजे मासिक जिवंत आहे."

व्हर्ना हसली नाही. ती चित्राकडे बघत राहिली. बाईच्या पायाशी चित्रकाराने रिकामी जागा भरायला काचांसारखे चमकते दगड काढले होते. ते दगड म्हणजे काचाच असं तिने धरलं आणि टाइप करायला घेतलं. पान निघालं की रुफोलो ते खाली नेत होता. मागचं वाक्य बदलायची सोय उरली नाही.

पाचला दहा मिनिटं कमी असताना शेवटचं पान त्याने उभ्यानेच वाचलं.

"म्हणजे तिचं हेल्मेट फुटलं, आणि तिच्या डोक्यावर आहे ते त्याचं?"

"हो. हवा गेली तरी माणूस काही क्षण शुद्धीवर राहतो. सगळी कथा त्या क्षणांची आहे."

"मग हसतोय कशाला मेला?"

"ती बघतेय म्हणून."

रुफोलोने पान दुमडलं नाही. दोन्ही हातांत सपाट धरून तो जिना उतरला.

पॉमरँट्झ यांनी कथा वाचली नाही. पानं भरली ना, एवढं विचारून त्यांनी टोपी घातली.

उद्या शनिवार. छपाईयंत्र सकाळी सातला सुरू होईल, आणि अंक दुकानांत लागला की वाचकांच्या पत्रांचा पहिला गठ्ठा व्हर्नाच्या टेबलावर येईल.