बोरखेड्याची कॅसेट

लातूरच्या ट्यूशन एरियात वकार शेख यांचं तीन मजली घर आहे. खोल्या तेरा. दोन खोल्यांत ते आणि त्यांची बायको हुस्ना राहतात, उरलेल्या अकरांत डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुली. प्रत्येक खोलीत दोन कॉट, दोन टेबलं आणि भिंतीला चिकटवलेले तक्ते. मुली दर जूनला बदलतात. ज्या बदलत नाहीत त्यांना रिपीटर म्हणतात. वकारचाचा कटकटे आहेत एवढंच या मुलींना माहीत असतं. कुणी जिन्यात चप्पल वाजवली तरी त्यांना खपत नाही.

या माणसानं सत्तावीस वर्षं टीव्हीच्या मालिकांचा आवाज रेकॉर्ड केला, हे गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नाही.

ते मूळचे उमरीचे. वडील लालमहंमद रेडिओ दुरुस्त करत आणि लग्नाला, उरुसाला, निवडणुकीला भोंगे भाड्यानं देत. कुठल्या झाडावर भोंगा बांधला तर आवाज कुठल्या वस्तीपर्यंत जाईल, हे वकार शाळेत असतानाच सांगत. नांदेडला मामाच्या दुकानात चार वर्षं काढून १९८४ साली ते मुंबईला गेले. आधी केबल गुंडाळल्या, मग लांब काठीला बांधलेला माईक नटांच्या डोक्यावर धरला. शेवटी कानाला हेडफोन लावून खुर्चीवर बसले.

"सेटवर सगळ्यात नकोसा माणूस म्हणजे मी," ते सांगतात. "मे महिन्यात पंखे बंद करायला लावणारा. बायकांच्या बांगड्या काढायला लावणारा. एखादी बाई जीव तोडून रडते, सगळे टाळ्या वाजवतात, अन् मी म्हणतो, पुन्हा घ्या, मागून कुकरची शिट्टी आली."

सुरुवातीला मालिका आठवड्यातून एकदा दिसायच्या आणि तेरा भागांत संपायच्या. दोन हजारनंतर रोज बावीस मिनिटं भरायची वेळ आली. ऐकायला कुणाला सवड उरली नाही; जिथं आवाज वाईट तिथं संगीत टाकायचं ठरून गेलं. माईक नटांच्या कपड्यांत गेले. नट तो लावलेला विसरत आणि कोपऱ्यात जाऊन भांडत, फोनवर रडत, दिग्दर्शकाला शिव्या देत. शेजारच्या खोलीत बसलेले वकार ते सगळं ऐकत. बाहेर कधी बोलले नाहीत. २०११ साली डाव्या कानानं ऐकू येणं बरंच कमी झालं, तेव्हा काम थांबलं आणि ते लातूरला आले.

बोलीबद्दल ते जरा थांबून बोलतात. "गावाकडच्या सीनमध्ये शहरातली पोरं दर वाक्यात ओढूनताणून लई, न्हाई करायची. आमच्याकडं असं कुणी बोलत नाही हे मला कळायचं. पण ते मला कुणी विचारत नव्हतं. मला विचारायचे, क्लिअर आहे का? मी म्हणायचो, क्लिअर आहे."

१९९३ च्या मे महिन्यात एका तेरा भागांच्या मालिकेसाठी खरं खेडं हवं होतं. वकार मराठवाड्याचे, म्हणून जागा बघायला त्यांना पाठवलं. त्यांनी किल्लारीच्या बाजूचं बोरखेडा निवडलं. कारण धंद्यातलं होतं: मोठा रस्ता लांब आणि वीज दिवसातून सहा तास, त्यामुळे मोटारींचा आवाज कमी.

चार दिवस शूटिंग झालं. नायिका परगावाहून येते, दाराला कुलूप बघते आणि शेजारीण तिच्याशी बोलते, असा एक प्रसंग होता. शेजारणीचं काम गावातल्याच एका बाईला दिलं. तिचं नाव साखराबाई. वय पस्तिशीचं, अंगानं काटक, कॅमेऱ्याला न बुजणारी. तिला वाक्यं चारच होती. पण मागं पिठाची गिरणी चालू होती, आणि दळण घेऊन आलेल्या बायका इंजिन बंद करू देईनात. चार वाक्यांवर इंजिनाचे ठोके बसले. वकार म्हणाले, चालणार नाही, पुढं डबिंगला या बाईला मुंबईला आणू. म्हणजे स्टुडिओत पडद्यावरच्या ओठांकडे बघून तिनं तीच वाक्यं पुन्हा म्हणायची. निर्मात्याच्या माणसानं वहीत लिहिलं: ऑक्टोबर.

तीस सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला. बोरखेड्यातली दगडमातीची घरं बसली. साखराबाई घरात होती. तिचा नवरा शेषेराव शेतावर जागलीला गेला होता आणि दहा वर्षांचा मुलगा सत्यम हट्टानं बापासोबत गेला होता. ते दोघे तेवढे राहिले.

डबिंग नोव्हेंबरात झालं. पुण्याहून एक आवाज देणारी बाई बोलावली. वकारनी तिला मूळ आवाज एकदा ऐकवला. तिनं तसं बोलून बघितलं, पण ऐकणाऱ्याला कळणार नाही, सरळ बोला, असं दिग्दर्शकाचं म्हणणं पडलं. वीस मिनिटांत काम झालं.

"ओठ असे बसले की कुणाला शंका येऊ नये," वकार म्हणतात. "त्या दिवशी मी खूश होतो. खोटं कशाला सांगू?"

कॅमेऱ्याच्या मूळ कॅसेट पुढच्या मालिकेला वापरल्या गेल्या. पण वकारना एक सवय होती. कॅमेऱ्यावर त्यांचा भरवसा नसे, म्हणून प्रत्येक शूटिंगचा आवाज ते आपल्या रेकॉर्डरवर साध्या कॅसेटमध्येही घेत. याही कॅसेट पुसून पुन्हा वापरायच्या असत. बोरखेड्याच्या कॅसेटच्या कडेवरच्या दोन टिकल्या मात्र त्यांनी मोडल्या. त्या मोडल्या की कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड करता येत नाही. असं का केलं, हे त्यांना नीट सांगता येत नाही.

मालिका १९९४ साली दिसली. शेषेराव तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. शेडच्या टोकाला सगळ्यांसाठी एक टीव्ही होता. बायको बोलली तेव्हा आवाज वेगळा लागला. शेजारी बसलेले मास्तर म्हणाले, मशीनमधून आवाज बारीक होतो. शेषेरावांनी ते मान्य केलं.

२०२३ च्या जूनमध्ये वकार यांच्या दुसऱ्या मजल्यावर तनुजा नावाची मुलगी राहायला आली. नवीन बोरखेड्याची, सत्यमची मुलगी. तिचे आजोबा शेषेराव दर दुसऱ्या रविवारी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन यायचे. पुरुषांना वर सोडत नाहीत, म्हणून खाली खुर्चीवर बसायचे. सोबत मोबाइल असायचा.

जानेवारीतल्या एका रविवारी वकारना आतल्या खोलीत बाहेरच्या मोबाइलवरचा, डबिंगचा तो आवाज ऐकू आला. बाई कोण ते आठवायच्या आधी काम आठवलं. ते बाहेर आले.

"काय पाहताय, भाऊ?"

"आमची मंडळी हाय ही," शेषेराव म्हणाले. "भूकंपात गेली. फोटो नव्हता एकबी. ह्या पोरीनं चार वर्षांखाली हे हुडकून दिलं."

चाळीस सेकंदांचा तुकडा. शेषेराव तो सकाळी एकदा आणि जेवल्यावर एकदा लावतात, असं तनुजानं सांगितलं. "चाचा, आमच्या घरी सगळ्यांना पाठ आहे तो. आमचा पोपट असता तर त्यालासुद्धा झाला असता."

वकारनी सांगितलं ते इतकंच: "त्या शूटिंगला मी होतो."

मग शेषेराव सोडेनात. "वकारभाई, मग अजून असंल की काही. चार दिवस होते तुमी. एवढी बडबडी बाई, गप बसली व्हय?" प्रत्येक खेपेला तेच. वकार म्हणायचे, बघतो.

कॅसेट कपाटात होती. हुस्नाला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "बुड्ढे के कने चालीस सेकंद हैं. वो बी ले लेते क्या?"

वकार यांचा हिशेब वेगळा होता. डबिंगचं तोंडानं सांगायची गरजच नाही, असं त्यांना वाटलं. खरा आवाज कानावर पडला की माणूस ओळखेल, आणि एकदा ओळखलं की मोबाइलमधल्या बाईचं काही वाटणार नाही. माणसाचा कान विसरत नाही, ही त्यांची जन्माची समजूत. सत्तावीस वर्षं फक्त कानावर जगलेल्या माणसाचीच अशी समजूत होऊ शकते.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी त्यांनी शेषेरावांना आत बोलावलं. तनुजा खाली सतरंजीवर बसली. वकारनी टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला, सांगितलं काहीच नाही, आणि बटण दाबलं.

इंजिनाचे ठोके. त्यांच्यावरून एक जाडसर, मोकळा आवाज: "घरात कुणी न्हाई, बाई. सकाळधरनं कुलूप हाय. तुमी कुण्या गावच्या? बसा सावलीला, पाणी देते."

शेषेरावांनी मन लावून ऐकलं. एकदा मान हलवली.

"ही आमच्या गिरणीची इंजन," ते म्हणाले. "लगेच वळखली. अन् बोलती ती गिरणीवाल्याची गौरम्मा असंल. तिचाबी असाच रेडकासारखा आवाज होता. बरं केलं तुमी, ऐकवलं. आता मंडळीचं लावा."

दारात उभ्या असलेल्या हुस्नानं विचारलं, "चहा टाकू का?" तिनं वेळ काढून दिला होता. होय, गौरम्माच, एवढं म्हणून कॅसेट काढून ठेवता आली असती. पण वकार यांचं बोट बटणापर्यंत गेलं नाही आणि कॅसेट चालत राहिली. दिग्दर्शक "पुन्हा एकदा" म्हणाला. मग तीच बाई, मघापेक्षा मोठ्यानं:

"आता किती बार तेच ते म्हणू? मी काय शाळेत हाय का? सोडा बाबांनो लवकर. आमचे मालक बियाच्या शेंगा फोडीत बसलेत घरी. तासाला पावशेर. त्यांच्या भरवशावर बसले तर पेरणी दिवाळीला व्हईल."

मागं कुणीतरी हसलं.

शेषेराव म्हणाले, "थांबवा."

मग म्हणाले, "पुन्हा लावा."

तेवढा भाग तीनदा लावला. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटले होते. ते उघडून त्यांनी उजव्या हाताचा अंगठा बघितला.

"फोड आला होता मला त्या दिवशी. संध्याकाळी तिनं हळद लावली, अन् हसली. हे माझ्यावर बोलली ती."

"हो," वकार म्हणाले.

"म्हंजी ही तीच."

"हो."

"मग मोबाइलात कोण हाय?"

वकारनी सगळं सांगितलं. गिरणी, ऑक्टोबर, नोव्हेंबर, पुण्याची बाई. ओठ त्यांनीच बसवले हेही सांगितलं. शेवटी शेषेरावांनी एकच गोष्ट विचारली.

"ती पुण्याची बाई हाय का अजून?"

"माहीत नाही. असेल."

"तीस वर्षं झाले," शेषेराव म्हणाले. "सपनातबी ती त्याच आवाजात बोलायली माझ्याशी."

तनुजा म्हणाली, "आबा, पुन्हा एकदा ऐका. नीट ऐका, येईल लक्षात." तिला बिचारीला तो परीक्षेचा प्रश्न वाटला असावा.

"इंजन लक्षात हाय, पोरी," ते म्हणाले. "हळद लक्षात हाय. आवाज न्हाई येत." डब्याची रिकामी पिशवी घडी करून त्यांनी खिशात घातली आणि ते साडेतीनची गाडी गाठायला निघाले.

त्यानंतरही ते रविवारी येत राहिले. डबा हुस्नाच्या हातात द्यायचे आणि समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसायचे. मोबाइल खिशातच असायचा. घरीही ते काही लावत नाहीत, असं तनुजा म्हणाली. वकारनी कॅसेटमधला आवाज तिच्या मोबाइलवर टाकून दिला. तिनं तो वडिलांना पाठवला. सत्यम यांचं एका शब्दाचं उत्तर आलं, "आई." आईला ओळखून ते लिहिलं, की मुलीनं सांगितलं म्हणून, हे त्यांनाही कुणी विचारलेलं नाही.

वकार यांना अलीकडे कुणी जुन्या कामाबद्दल विचारलं तर ते बोरखेड्यापासून सुरू करतात. त्यांच्या अंदाजानं त्यांनी तीनशेच्या वर माणसांचे आवाज बदलले. बहुतेक छोटी कामं करणारी माणसं. गावातली, रस्त्यावरची, गर्दीतली. "त्यातले किती गेले असतील आता," ते म्हणतात. "त्यांच्या घरचे कुणाचा आवाज ऐकत असतील, मला काय माहीत." त्या कामाच्या कॅसेट त्यांच्याकडे नाहीत. त्या सगळ्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या.

जूनमध्ये निकाल लागला. तनुजाला हवे तेवढे मार्क पडले नाहीत. रिपीट करणार नाही, असं तिनं सांगितलं. खोली रिकामी करायला शेषेराव ऑटो घेऊन आले. गादी, बादली, पुस्तकांची दोन पोती. वकार बाहेर आले आणि त्यांनी एक पेनड्राइव्ह पुढं केला.

"भाऊ, यात फक्त तुमच्या मंडळींचं बोलणं आहे. आवाज साफ केलाय. शेंगांचंही आहे."

शेषेरावांनी तो हातात घेतला, उलटापालटा करून बघितला आणि परत दिला.

"तुमच्याकडंच राहू द्या, वकारभाई. पुन्हा ऐकलं अन् पुन्हा न्हाई वळखलं, तर मग मी काय करू?"

ऑटोवाल्यानं गादी दोरीनं बांधली. तनुजा पुढं बसली, शेषेराव मागं पोत्यांत. खोलीत दुसऱ्या दिवशी हिमायतनगरची एक मुलगी राहायला आली.